ग्रह आधी मोजा, मग रंगवा: विज्ञानकथेच्या खेळासाठी राहण्याजोगं जग उभारताना

टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत खेळायच्या खेळात मी जग रचतो आणि गोष्ट चालवतो. माझ्या पहिल्या विज्ञानकथा-कॅम्पेनमधला (अनेक बैठका चालणाऱ्या सलग कथेतला) ग्रह अख्खा वाळवंट होता. दोन सूर्य, लाल आकाश, नजर जाईल तिथवर वाळू. वर्णन वाचून दाखवताना मी स्वतःवरच खूश होतो. अर्ध्या तासात एका खेळाडूने विचारलं, "इथे झाड नाही, शेवाळ नाही, समुद्र नाही. मग आम्ही मास्कशिवाय श्वास कसला घेतोय?" मी "जुनी यंत्रं आहेत, ती हवा बनवतात" असं ठोकून दिलं. पुढची सहा सेशन्स सगळे ती यंत्रं शोधत फिरले आणि मी रचलेलं कथानक त्याच वाळूत गाडलं गेलं.

तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. चार-पाच आकडे मी निवडतो, बाकीचे गणिताला निवडू देतो, आणि चित्र सगळ्यात शेवटी रंगवतो. एक संध्याकाळ आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर एवढ्यावर भागतं. खाली सगळ्या पायऱ्या एकाच ग्रहावर करून दाखवल्या आहेत. त्याचं नाव शेवंती. प्रत्येक आकड्याला मी एकच प्रश्न विचारतो: याच्यामुळे टेबलावरचा खेळाडू आज वेगळं काय करेल? उत्तर नसेल तर तो आकडा वहीतच राहतो.

तारा निवडा

पहिला मोह होतो तो गच्चीवरून दिसणारा ठळक तारा घेण्याचा. व्याध, अभिजित ही नावं ऐकायलाही भारदस्त. पण डोळ्यांना ठळक दिसणारे तारे बहुतेक करून मोठे, म्हणजेच उधळे असतात. ताऱ्याचं आयुष्य ढोबळमानाने असं काढा: सूर्याचे १० अब्ज वर्षं, भागिले ताऱ्याच्या वस्तुमानाचा (सूर्याचं १ धरून) अडीचावा घात. व्याध आणि अभिजित सूर्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे आहेत, म्हणजे त्यांच्या वाट्याला पावणेदोन अब्ज वर्षं येतात. पृथ्वीच्या हवेत मोकळा ऑक्सिजन साठायला लागायलाच तिच्या जन्मापासून दोन अब्ज वर्षं गेली. त्यामुळे व्याधाभोवती खाणी काढा, तळ काढा, चाच्यांचा अड्डा काढा. जंगल मात्र काढू नका.

दुसऱ्या टोकाला लाल खुजे तारे. आकाशगंगेतले साधारण तीन चतुर्थांश तारे या जातीचे आहेत. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी (४.२४ प्रकाशवर्षं) हाही त्यातलाच. २०१६ साली त्याच्याभोवती सापडलेल्या ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं आहे. इतक्या जवळ फिरणारा ग्रह बहुधा ताऱ्याकडे कायम एकच बाजू ठेवतो: अर्ध्या गोलावर न संपणारी दुपार, अर्ध्यावर न संपणारी रात्र, मधे संधिप्रकाशाचा पट्टा. वर ताऱ्याच्या भडक्यांचा मारा. असं जग खेळायला झकास असतं, पण एका सेशनपुरतं. तिथे 'उद्या सकाळी निघू' असं कुणालाच म्हणता येत नाही, आणि सूर्योदयाशिवाय लांबलचक कॅम्पेन चालवणं किती जड जातं हे मी करून पाहिलं आहे.

म्हणून माझा कल मधल्या, नारिंगी खुज्या ताऱ्यांकडे. शेवंतीच्या ताऱ्याचं वस्तुमान मी सूर्याच्या ०.७ पट धरलं. हा माझा पहिला आकडा. आता गणित करू.

तेज म्हणजे वस्तुमानाचा साडेतीनवा घात: ०.७ चा साडेतीनवा घात ०.२८७. सूर्याच्या तीन दशांशाहूनही कमी. आयुष्य सुमारे २४ अब्ज वर्षं, म्हणजे घाई नाही. पृथ्वीइतकंच ऊन मिळायला ग्रह किती दूर हवा? तेजाचं वर्गमूळ: ०.५३६ खगोलीय एकक. (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १.) सूर्याभोवती पाणी द्रवरूपात टिकेल असा पट्टा साधारण ०.९५ ते १.७ एककांचा मानतात. त्याला याच वर्गमूळाने गुणलं की आपल्या ताऱ्याचा पट्टा ०.५१ ते ०.९१ असा येतो. शेवंती आतल्या काठाला टेकली आहे. ते मला चालतं, पण मग हवेत उष्णता धरणारे वायू बेतानेच ठेवायचे, हे तेवढ्यात लिहून घ्या.

वर्ष काढायला केप्लरचा तिसरा नियम: अंतराचा घन, भागिले ताऱ्याचं वस्तुमान, आणि त्याचं वर्गमूळ. ०.१५४ भागिले ०.७, वर्गमूळ ०.४६९. शेवंतीचं वर्ष १७१ पृथ्वी-दिवसांचं. सोळा वर्षांची पोरगी तिथे चौतिशीची ठरते. पात्रांच्या कागदावर वय कुठल्या वर्षांत लिहायचं हे पहिल्याच सेशनला ठरवा, नाहीतर कायद्याचं वय, कर्जाची मुदत, तुरुंगाची शिक्षा या सगळ्यांत गोंधळ होतो. (एकदा मी तो मुद्दाम होऊ दिला. दहा वर्षांची शिक्षा ऐकून पात्र हादरलं होतं, मग हिशेब करून हसलं.)

रंगाबद्दल एक सूचना, कारण ही चूक फार दिसते. नारिंगी तारा म्हणजे नारिंगी दुपार नव्हे. या ताऱ्याचा पृष्ठभाग साधारण ४४०० केल्विनचा, आणि आपला जुना पिवळा बल्ब २७०० केल्विनचा. म्हणजे शेवंतीवरचं ऊन बल्बपेक्षा पुष्कळ पांढरं, आणि डोळ्यांना त्याची दोन दिवसांत सवय होईल. जाणवेल ते दुसरंच: आकाशातला सूर्य आपल्यापेक्षा चांगलाच मोठा दिसेल.

ग्रहाचं वजन

दुसरा आकडा ग्रहाचं वस्तुमान. मी पृथ्वीच्या ०.६ पट घेतलं. खडकाळ ग्रहाची त्रिज्या ढोबळमानाने वस्तुमानाच्या ०.२७ व्या घाताने वाढते, म्हणून ती ०.८७. गुरुत्व म्हणजे वस्तुमान भागिले त्रिज्येचा वर्ग: ०.७९. मुक्तिवेग (ग्रहाची ओढ तोडून निसटायला लागणारा वेग) म्हणजे ११.२ गुणिले (वस्तुमान भागिले त्रिज्या) चं वर्गमूळ: सेकंदाला ९.३ किलोमीटर. मंगळाचा ५ आहे आणि त्याची हवा बरीचशी उडून गेली. ९.३ ला हवा टिकेल.

टेबलावर याचा अर्थ असा: साठ किलोच्या माणसाला सत्तेचाळीस किलोचं असल्यासारखं वाटतं. उडी सव्वापट उंच जाते. पडल्यावर लागणारा मार मी एक पंचमांश कमी करतो, बाकी नियमांना हात लावत नाही. शिवाय गुरुत्व कमी तिथे डोंगर जास्त उंच उभे राहू शकतात. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स बावीसेक किलोमीटर उंच आहे. शेवंतीवर बारा किलोमीटरचं शिखर दाखवायला मला संकोच वाटत नाही.

हवा: इथे घाई करू नका

नवशिके गेम मास्टर (खेळ चालवणारे) हवेच्या रकान्यात 'श्वसनयोग्य' लिहून पुढे जातात. खरं तर इथे दोन आकडे लागतात, एकूण दाब आणि त्यातला ऑक्सिजनचा वाटा. फुप्फुसांना त्यांचा गुणाकार कळतो. समुद्रसपाटीला पृथ्वीवर (तिथला दाब १ धरून) तो ०.२१ आहे.

शेवंतीवर दाब ०.७५ आणि ऑक्सिजन २४ टक्के. गुणाकार ०.१८. ही महाबळेश्वरच्या उंचीवरची हवा. नवीन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी चढावर धाप लागेल, एवढंच. पण दाब आणि वाटा वेगवेगळे धरल्यामुळे दोन गोष्टी फुकट मिळाल्या. दाब कमी म्हणून पाणी ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि खाणावळीत कुकर चोरीला जाणं ही गंभीर बाब ठरते. ऑक्सिजनचा वाटा जास्त म्हणून चूल चटकन पेटते, आणि वणवाही. वस्तीभोवती झाडं तोडून केलेला रुंद पट्टा आणि दारूगोळ्यापेक्षा काड्यापेटीवर कडक कायदा, हे दोन्ही त्या एका टक्केवारीतून आलं.

तापमानासाठी एवढं ध्यानात ठेवा: हवा नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं, प्रत्यक्षात १५ आहे. मधले ३३ अंश हरितगृह वायूंचे. ऊन तेवढंच असल्यामुळे शेवंतीला मी ३४ अंश दिले. कार्बन डायऑक्साइड वाढवून ग्रह गरम करता येतो, पण माणसाची सहनशक्ती आडवी येते. कामाच्या जागी आठ तासांसाठी सर्रास मानली जाणारी मर्यादा अर्धा टक्का आहे. पट्ट्याच्या बाहेरच्या काठावरचा ग्रह उबदार ठेवायला त्याहून पुष्कळ जास्त लागतो. म्हणून तिथले ग्रह पाण्याचे, ढगांचे, सुंदर, आणि मास्क लावूनच फिरायचे.

आणि तो वाळवंटातला प्रश्न. ऑक्सिजन हा भांडखोर वायू आहे. लोखंडाशी, गंधकाशी, ज्वालामुखीच्या धुराशी सतत संयोग पावून संपत राहतो. तो हवेत टिकला आहे याचा अर्थ कुणीतरी रोज भर घालतंय. पृथ्वीवर हे काम निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांनी सुरू केलं आणि सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी हवा बदलली. म्हणून श्वसनयोग्य हवा लिहिली की हिरवं (किंवा जांभळं) काहीतरी लिहिणं आलंच. समुद्र शेवाळाने भरा आणि जमीन उघडी ठेवा, तरी चालेल. माझं मत विचाराल तर दर चार ग्रहांत एकाच ग्रहाला मास्कशिवायची हवा द्या. मग तिथे उतरल्यावर खेळाडू खरोखर सुस्कारा सोडतात.

दिवस, चंद्र आणि भरती

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देतो, कारण खेळाडू पुन्हा पुन्हा विचारतात ते हेच: किती वाजले, अंधार पडायला किती वेळ आहे, पाणी कधी उतरेल.

तिसरा आकडा: शेवंतीचा दिवस ४० तासांचा. वीस तास उजेड, वीस तास अंधार. वर्षात १०३ दिवस. माणसाचं शरीर मात्र चोवीस तासांच्या आसपासच चालतं. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. तिथल्या रोव्हर मोहिमांसाठी पृथ्वीवर बसून मंगळाच्या वेळेने काम करणाऱ्यांना रोजचा तो पाऊण तासही त्रासाचा गेला होता. चाळीस तासांशी जुळवून घेणं अशक्यच. म्हणून शेवंतीकरांनी घड्याळ चोवीस तासांचंच ठेवलं. आणि इथे गणिताने हात दिला: तीन सूर्योदय म्हणजे १२० तास, आणि पाच घड्याळी दिवस म्हणजेही १२० तास. दर पाच दिवसांनी घड्याळ आणि सूर्य पुन्हा जुळतात. त्यामुळे आठवडा पाच दिवसांचा. त्यातल्या काही रात्री उजेडात झोपायचं, काही दुपारी कंदील लावून बाजार भरवायचा. कुठला वार उजेडाचा आणि कुठला काळोखाचा हे लहान मुलांनाही पाठ असतं. पाळत ठेवायची, चोरी करायची, पळून जायचं तर खेळाडू आधी वार विचारतात.

चौथा आकडा चंद्र. आधी तो टिकेल का ते पाहा. ग्रह ताऱ्याच्या जितका जवळ, तितका चंद्र बाळगायचा त्याचा आवाका लहान. हा आवाका म्हणजे ग्रह-तारा अंतर गुणिले (ग्रहाचं वस्तुमान भागिले ताऱ्याच्या वस्तुमानाची तिप्पट, दोन्ही एकाच एककात) चं घनमूळ. शेवंतीसाठी तो साडेसात लाख किलोमीटरच्या आसपास येतो आणि चंद्र त्याच्या निम्म्याच्या आतच दीर्घकाळ टिकतो. आपला चंद्र आपल्याच अंतरावर तिथे नेऊन ठेवला तर अगदी काठावर येईल. मी आपल्या चंद्राच्या एक दशांश वजनाचा चंद्र १,६०,००० किलोमीटरवर ठेवला. त्याची फेरी साडेनऊ पृथ्वी-दिवसांची, आणि पौर्णिमा ते पौर्णिमा सुमारे २४२ तास.

आता २४२ कडे बघा. दोन आठवडे म्हणजे २४० तास. मी हे जुळवलं नव्हतं, जुळून आलं. आणि नेमकं जुळलं नाही हे त्याहून बरं झालं. दर पौर्णिमेला पावणेदोन-दोन तासांचा फरक पडत जातो आणि वीस-बावीस पौर्णिमांनंतर एका अख्ख्या सूर्यदिवसाची चूक साठते. अधिक महिना पाळणाऱ्या लोकांना पुढचं सांगायला नको. शेवंतीवर एक अधिक दिवस येतो. त्या दिवशी भाडं लागत नाही, करार मोडत नाहीत, आणि तो कधी धरायचा यावरून दोन बंदरांत पिढ्यान् पिढ्या वाद आहे. एका अख्ख्या कॅम्पेनचं राजकारण मला या दोन तासांनी दिलं.

भरतीचं गणित आणखी मजेदार. भरती ओढणाऱ्याचं वस्तुमान भागिले अंतराचा घन, एवढंच करायचं. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, ०.४६ पट. शेवंतीचा तारा हलका पण जवळ: ०.७ भागिले ०.१५४, म्हणजे आपल्या सूर्याच्या साडेचार पट ओढ. याचा अर्थ चंद्र नसता तरी तिथे आपल्या चंद्राच्या दुप्पट भरती आली असती! 'चंद्र नाही म्हणून भरती नाही' असं लिहिणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं. त्यात त्या छोट्या पण जवळच्या चंद्राचे १.४ मिळवा (आपल्या चंद्राची ओढ १ धरून). अमावास्या-पौर्णिमेला उधाण आपल्या अडीच पट, आणि मधे भांगाची भरती जवळपास आपल्याइतकीच शांत. उधाण दर पाच दिवसांनी.

कोकणातल्या माणसाला भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते हे माहीत असतं, कारण तिथे हुकूम चंद्राचा. शेवंतीवर हुकूम सूर्याचा. भरतीची वेळ थोडी मागेपुढे झुलते, पण दिवसभर फिरत नाही. पृथ्वीवरही ताहितीला असंच घडतं: तिथे चंद्राची भरती जवळपास पुसली जाते आणि पाणी रोज दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास चढतं. शेवंतीवर प्रत्येक बंदराची भरती कुठल्या वेळेला येते हे किनाऱ्याच्या आकारावर ठरतं, म्हणून ते मी फाशाने ठरवतो आणि नकाशावर लिहून टाकतो.

चंद्र आकाशात आपल्याएवढाच दिसतो, सूर्य मात्र मोठा. म्हणजे खग्रास सूर्यग्रहण तिथे कधीच नाही, फक्त कंकणाकृती. तुमच्या कथानकात 'सूर्य पूर्ण झाकेल तेव्हा' अशी भविष्यवाणी असेल तर एक तर ती खोटी आहे किंवा तिचा अर्थ वेगळा आहे. दोन्ही चालतं.

नकाशा

अक्षाचा कल मी १२ अंश ठेवला. पृथ्वीचा २३.४. ऋतू जेमतेम त्रेचाळीस पृथ्वी-दिवसांचा, आणि समुद्राला तापायला-निवायला वेळ लागतो, त्यामुळे किनाऱ्यावर ऋतू पुसटच. त्यावर फार शाई घालवू नका.

वारा-पावसाला घाला. विषुववृत्तावर हवा वर चढते, पाऊस पाडते, आणि दूर जाऊन कोरडी खाली उतरते. पृथ्वीवर ती तिशीच्या अक्षांशांजवळ उतरते, म्हणून मोठी वाळवंटं त्या पट्ट्यात आहेत. ग्रह सावकाश फिरत असेल तर हे पट्टे ध्रुवांकडे सरकतात. शेवंतीवर मी ते चाळिशीजवळ ओढले. मग पर्वतरांग वाऱ्याला आडवी टाका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवरच्या माणदेशात पाचशेच्या आसपास. सह्याद्रीची उंची दीड किलोमीटरच्या आतबाहेर. शेवंतीवरची रांग सात किलोमीटरची. तिच्या पलीकडे काय असेल ते सांगायला नको, आणि 'अख्खा ग्रह वाळवंट' करायचा मोहही इथेच फिटतो. हवं तेवढं वाळवंट डोंगरामागे मिळतं, जंगल डोंगरापुढे.

चारदोन जिवंत ज्वालामुखी जरूर टाका. ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाऊस खडक झिजवून तो परत पुरतो. ग्रहाचं तापमान लाखो-कोटी वर्षं थाऱ्यावर राहतं ते या देवाणघेवाणीमुळे. नुसताच समुद्र असलेल्या ग्रहावर झिजायला जमीन नाही, म्हणून तसं जग मी अवघड म्हणून बाजूला ठेवतो.

वस्त्या मात्र हाताने लावा, फाशाने नाही. गोडं पाणी, भरतीपासून आडोसा, घाटाचं तोंड. माणसं तिथेच राहतात.

जीवसृष्टीबद्दल थोडं

पानांचा रंग काय वाटेल तो द्या, त्यावर कुणी तुम्हाला खोटं पाडू शकणार नाही. अन्नाबद्दल मात्र सावध. पृथ्वीवरचे जीव प्रथिनं बांधायला जवळपास एकाच बाजूला वळलेली, डावी अमिनो आम्लं वापरतात. परक्या सृष्टीची उजवी निघाली तर तिथलं फळ खाऊन पोट भरेल, अंग भरणार नाही. त्यामुळे वसाहतीला स्वतःची माती, गांडुळं, बियाणं आणावं लागतं, आणि बियाण्याचं गोदाम बँकेपेक्षा महत्त्वाचं ठरतं. तिथल्या जंतूंनाही आपण बेचव, ही त्यातली चांगली बाजू. राक्षसी प्राणी मी सहसा घालत नाही. पाच दिवसांनी येणारं उधाण पुरेसं हिंस्र आहे.

टेबलावर काय न्यायचं

हे सगळं गणित खेळाडूंना दाखवू नका. मी दाखवलं होतं. एकाने फोन काढला, दुसऱ्याने झोप. त्यांच्यासाठी अर्धा कागद: दिवस किती तासांचा, आठवड्याचे उजेडाचे आणि काळोखाचे वार, पुढचं उधाण कधी, उडी किती उंच, मास्क लागतो की नाही, आणि स्थानिक लोक पाहुण्यांना कशावरून हसतात. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. शेवंतीवर ते कुकरशिवाय डाळ चढवणाऱ्याला हसतात.

तुमच्यासाठी दुसरा अर्धा: मूळ आकडे, आणि प्रत्येकासमोर त्यातून निघालेली एक अडचण. आयत्या वेळी कुणी भलतंच विचारलं तर उत्तर या यादीतून काढा. नवीन शोधायला गेलात की माझ्यासारखी यंत्रं निघतात.

शेवंतीच्या पहिल्या सेशनला खेळाडूंनी खाडीच्या तोंडाशी, कोरड्या चिखलात, चोरीचं यान लपवलं. वार काळोखाचा होता, जागा निर्जन होती, बेत चोख होता. मी फक्त विचारलं, "पौर्णिमा कधी आहे ते पाहिलंत का?" टेबलावर कागदांची एकच धांदल उडाली.